नणंदेच्या वाट्याचं डुक्कर

मंगळवारी सकाळी ओर्फेलिना उकडलेल्या बटाट्यांची बादली घेऊन खोपटात गेली, तर डुक्कर उठलंच नाही. एरवी बादलीची कडी नुसती वाजली की ते दाराला धडका द्यायचं. आज भिंतीकडे तोंड करून पडलं होतं, कान लोंबलेले, पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. तिनं पाठीवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. चुलीवरचा तवा बरा, असा ताप.

जे पुढे खायचंय त्याला नाव ठेवू नये, अशी बेटावरची रीत. पण तिचा नवरा रुदेसिंदो या डुकराला ‘नगराध्यक्ष’ म्हणायचा. का, तर तेही खाऊन झालं की आडवं व्हायचं आणि मग कुणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायचं नाही.

तिनं दार सताड उघडलं. पावसातून जेवढा उजेड आला तेवढ्यात तिला डुकराच्या पाठीवर, कुशीवर लाल चट्टे दिसले. फुगलेले, चौकोनी, कडा अगदी कापून काढल्यासारख्या.

“अहो, इकडे या जरा.”

“काय झालं?” रुदेसिंदो लाकडं फोडत होता.

“नगराध्यक्षांच्या अंगावर सोपाइपिया उठल्यात.”

सोपाइपिया म्हणजे शंकरपाळ्यांच्या थोरल्या बहिणी, तशाच तिरक्या कापून तळतात. रुदेसिंदो आला, वाकून पाहिलं, आणि टोपी काढून हातात धरली. माणूस गेल्यावर धरतात तशी.

“शनिवार,” तो म्हणाला.

“शनिवारच की,” ती म्हणाली.

शनिवारी डुक्कर कापायचं ठरलं होतं. संत हुआनच्या सणाच्या आगेमागे थंडी पक्की झाली, की बेटावर घरोघर डुकरं कापतात. शेजारपाजार सकाळपासून राबायला येतो, अंगणातल्या कढईत दिवसभर चरबी कढते, त्याच चरबीत किसलेल्या बटाट्याचे मीलकाओ तळतात, आणि अंधार पडायच्या आत ओळखीच्या प्रत्येक घरी एक ताट जातं. बरगडी, चरबीचे कुरकुरीत तुकडे, रक्ताचं सॉसेज, वर दोन मीलकाओ. त्या ताटाला योको म्हणतात. ज्या घरी योको गेलं ते घर आपलं. ज्या घरी गेलं नाही, त्याला कारण कुणी सांगत नाही. त्याचं त्याला कळतं.

आणि यंदा ओर्फेलिनाच्या मनात एकच ताट होतं. नणंदेचं.

एदेल्मिरा, रुदेसिंदोची थोरली बहीण, वरच्या अंगाला टेकडीवर राहायची, एकटी. तीन हिवाळ्यांपूर्वी ओर्फेलिनाकडून चूक झाली. घाईघाईत पहिलं ताट शाळेच्या मास्तरीणबाईंकडे गेलं, आणि नणंदेकडचं पोचेपर्यंत गारढोण झालं. एदेल्मिरानं ते घेतलं, ताट धुतलं, पुसलं आणि रिकामं परत पाठवलं. बेटावर ताट रिकामं परत जात नाही. चार बटाटे, एखादं अंडं, अगदीच काही नसलं तर मूठभर वाळलेलं समुद्रातलं शेवाळ तरी त्यात पडतं. रिकामं ताट म्हणजे शिवी, आणि तीही ठेवणीतली. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. रुदेसिंदो मधल्यामध्ये. बहिणीकडे जायचा तेव्हा बायकोला “जाळी बघून येतो” म्हणायचा, आणि जाळी टेकडीवर कशी असतील हे तिनं त्याला कधी विचारलं नाही.

मग यंदा चर्चच्या साफसफाईला दोघी समोरासमोर आल्या. एदेल्मिरा वेदीवरची चादर झटकत होती. ती संताच्या मूर्तीकडे बघून म्हणाली, “ऐकलंय, खालच्या घरच्या डुकरानं यंदा छान अंग धरलंय. मी सण झाला की सोमवारी निघणार पुएर्तो मोंतला, मुलाकडे. डोळ्याचं ऑपरेशन आहे, वसंतापर्यंत काही येणं नाही. त्याआधी कुठे चार घास मिळाले तर बरं.”

संत काही बोलला नाही. ओर्फेलिनाही बोलली नाही. पण घरी येऊन तिनं शनिवार पक्का केला, डुकराचा खुराक वाढवला आणि कोळ्यांकडून माशांची डोकीसुद्धा मागून आणली.

आता डुक्कर पडलं होतं.

दुपारच्या बोटीनं पलीकडच्या आचाओ गावाहून जनावरांची डॉक्टर आली. येस्सेनिया नावाची, तिशीची, नगरपालिकेचा पिवळा रेनकोट घातलेली. तिनं आधी बूट एका बादलीतल्या औषधात बुडवले, मग हातमोजे चढवून आत गेली. ताप पाहिला, चट्ट्यांवरून बोट फिरवलं.

“लाल रोग,” ती म्हणाली. “लवकर बोलावलंत, बरं केलंत. हे चट्टे उठलेत ही त्यातल्या त्यात चांगली खूण. काही डुकरं चट्टे उठायच्या आतच जातात.”

“कशानं झालं, बाई?” ओर्फेलिनानं विचारलं. माशांची डोकी तिच्या मनात टोचत होती.

“त्याचे जंतू मातीत असतात, चिखलात असतात. धडधाकट डुकराच्या घशातही बसून राहतात. माशांच्या अंगावर असतात. तुम्ही काय घालता?”

“मासे. डोकी.”

“कच्ची?”

ओर्फेलिनानं मान डोलावली.

“त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही, मावशी. कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण यापुढे उकडून घाला. आणि पुढच्या पिलाला लस टोचून घ्या, मी आणते. आता याला पेनिसिलिन. आज मी देते, पुढचे दिवस तुम्ही द्यायचं, रोज एक, शुक्रवारपर्यंत. उद्या ते उठेल, खाईल, तुम्हाला वाटेल बरं झालं. तरी थांबायचं नाही. अर्धवट सोडलं तर रोग सांध्यांत जाऊन बसतो, नाहीतर काळजात.”

रुदेसिंदोनं घसा खाकरला. “आजच कापलं तर? औषधाच्या आधी?”

“तापातलं डुक्कर कापत नाहीत, काका. ते खायचं नाही आणि त्याला हातही लावायचा नाही. कापणाऱ्याच्या बोटाला साधी चीर असली ना, तरी बोट सुजून वांग्यासारखं होतं. मावशी, तुम्हीसुद्धा हातमोजे घाला.”

“मग शनिवारी?”

“शनिवार विसरा. शेवटच्या इंजेक्शननंतर तीन आठवडे कापायचं नाही. बाटलीवर लिहिलंय ते, आणि वर थोडं माझं. औषध मांसात उतरतं. शिजवलं की सगळंच जातं असं नाही. चारचौघांना काही होणारही नाही, पण ज्याला पेनिसिलिन चालत नाही, त्याच्या पोटात गेलं तर भलतंच व्हायचं. आहे का कुणी तसं?”

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. बेटावर पेनिसिलिन न चालणारं माणूस एकच होतं आणि ते कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ऐन तारुण्यात घसा धरला म्हणून एदेल्मिराला दवाखान्यात सुई टोचली, आणि बाई भोपळ्यासारखी सुजली, श्वास अडकला, वादळात होडी घालून तिला आचाओला नेलं. ही गोष्ट ती दर सणाला सांगायची. दर सणाला लाटा थोड्या उंच व्हायच्या. पण गोष्ट खरी होती. ओर्फेलिनानं स्वतः त्या होडीत तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

बुधवारी सकाळी नगराध्यक्ष उभे राहिले. बादलीतले दोन बटाटे खाल्ले, तिसरा लोळवला. आता इंजेक्शन द्यायचं होतं.

रुदेसिंदोनं उभ्या आयुष्यात शेकडो डुकरं कापली असतील. सुरी कुठे घालायची हे त्याला अंधारात कळायचं, दुसरी बेटंही त्याला बोलावून न्यायची. त्यानं दोरीचा फास डुकराच्या वरच्या जबड्यात अडकवला, पाय रोवले आणि म्हणाला, “हाण.” ओर्फेलिनानं सुई वर धरून हवा काढली. टोकावर थेंब आला. रुदेसिंदोनं तो पाहिला आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला. दोरी सुटली. डुक्कर सुटलं. बादली, ओर्फेलिना आणि रुदेसिंदो असे तिघेही चिखलात बसले.

“तुम्हाला काय झालं?”

“सुई,” तो म्हणाला.

“सुई तुम्हाला नाही टोचत!”

“दिसते ना पण.”

दुसऱ्या खेपेला तिनं त्याला डोळे मिटायला लावले. कसंबसं जमलं, पण तिचा हात हलला आणि थोडं औषध डुकराच्या केसांवरून ओघळलं.

चुलीशी अंग शेकत बसल्यावर रुदेसिंदोनं विचार मांडला. तो विचार मांडणार आहे हे तिला त्याच्या मिशीवरून कळायचं.

“खाल्लं त्यानं. बरं झालंय. इंजेक्शनं इथंच थांबवू. कापायचं शनिवारीच, आणि वरच्या घरी जाणाऱ्या ताटात आपण हे मांसच घालायचं नाही. आचाओहून एक तंगडी आणतो, वेगळ्या कढईत तळ. कुणाला कळतंय?”

“वन्संना कळेल.”

“कशानं?”

“जिभेनं. बाजारच्या डुकराला मक्याची चव असते, आपल्या डुकराला बटाट्याची. त्यांनी पहिल्या घासाला ओळखलं की, आपल्या घरचं देववलं नाही, विकतचं पाठवलं, असंच म्हणतील. त्यापेक्षा रिकामं ताट पाठवलेलं काय वाईट? आणि अर्धवट सोडायचं नाही म्हणालीये ती पोरगी. बाकीच्या घरांनी काय घोडं मारलंय, त्यांनी का औषध खायचं?”

“मग सांगून टाक तिला. की डुक्कर आजारी पडलं.”

“तुम्ही सांगा. बहीण तुमची.”

“भांडण तुझं,” रुदेसिंदो म्हणाला, आणि जाळी बघायला निघून गेला. या वेळी खरोखरच खाली, समुद्राकडे.

बाकीच्या घरांना निरोप देणं सोपं गेलं. डुक्कर पडलंय, पुढे बघू, एवढं पुरलं. लोकांनी हळहळ केली, दोघांनी औषधं सुचवली. एकानं लसूण सांगितला, एकानं समुद्राचं पाणी. पण टेकडीवरची वाट ओर्फेलिनाला चढवेना. काय सांगायचं? तीन वर्षांनी तुम्ही तोंड उघडलंत, आणि आता तुमचं ताट येणार नाही? नेमकं याच वेळी डुक्कर आजारी पडलं? हे दुसऱ्या कुणी तिला येऊन सांगितलं असतं तर तिचाही विश्वास बसला नसता. न सांगावं, तर शनिवारची संध्याकाळ होईल, एदेल्मिरा खिडकीत बसेल, सोमवारी बोटीत चढेल, आणि वसंतात परत येईल तेव्हा हे भांडण हाडात मुरलेलं असेल.

गुरुवारी सकाळी तिनं डोक्यावर प्लास्टिक घेतलं आणि वाट धरली. हातात काही नव्हतं. न्यायचं तरी काय?

एदेल्मिरानं दार उघडलं, तिला बघितलं, मग तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

“कोण गेलं?” तिनं विचारलं. डुक्कर कापायच्या तोंडावर कुणी असं रिकाम्या हातानं येत नाही. मयताचा निरोप असला तरच.

“कुणी नाही, वन्सं.”

“रुदेसिंदो?”

“आहेत. भरपूर आहेत. डुक्कर आजारी पडलंय.”

एदेल्मिरा दारातच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही. चुलीची ऊब मात्र तिच्या बाजूनं बाहेर येत होती.

“अस्सं,” ती म्हणाली. “आजारी. बाकी वर्षभर ठणठणीत होतं.”

“होतं.”

“आणि ताट द्यायची वेळ आली तशी त्याला कळा आल्या.”

“लाल रोग आहे. डॉक्टरीणबाई येऊन गेली. शनिवारी कापत नाही आम्ही. पुढेही लवकर कापता येणार नाही.”

“गोष्ट चांगली रचलीस, भावजयबाई. तुझ्या नवऱ्याला जमली नसती.” एदेल्मिरानं तिला ‘भावजय’ म्हटलं होतं, तीन वर्षांनी पहिल्यांदा, पण ओर्फेलिनाला त्याचा आनंद घ्यायला वेळच मिळाला नाही. “सरळ सांग ना, देववत नाही म्हणून. मी काय मागायला आले होते? मी तर संताशी बोलत होते.”

“त्याला पेनिसिलिन चालू आहे, वन्सं.”

एदेल्मिराचा हात गळ्याकडे गेला. नकळत गेला असावा.

“मी कापलं असतं आणि तुम्हाला पाठवलं असतं,” ओर्फेलिना म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला, “तर तुम्ही खाल्लं असतंत, आणि मी परत तुमचं डोकं मांडीवर घेऊन आचाओपर्यंत बसले असते. आणि या खेपेला तुम्ही वाचला असतात का, ते तुमच्या संतालाच विचारा. म्हणून नाही पाठवणार. रागवा. रिकामं परत पाठवायलाही माझं ताट आलेलं नसेल, तेव्हा नुसत्याच रागवा.”

पाऊस प्लास्टिकवर वाजत होता. एदेल्मिरानं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे ती रोखून बघते आहे की नुसतीच बघते आहे, ते कळायचं नाही.

“दाखव,” ती म्हणाली.

“काय?”

“डुक्कर. मी बघणार.” आणि तिनं आतून बूट आणले.

दोघी उतारावरून खाली आल्या. निसरडं होतं तिथे ओर्फेलिनानं कोपर पुढे केलं आणि एदेल्मिरानं ते धरलं. खोपटाशी रुदेसिंदो दोरी घेऊन उभा होता. बहिणीला बघून त्यानं दोरी पाठीमागे लपवली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एदेल्मिरा आत शिरून डुकरावर इतकी वाकली की तिचं नाक त्याच्या पाठीला लागायला आलं. चट्टे आता लाल नव्हते, काळपट पडून त्यांच्या कडा सुटू लागल्या होत्या. तिनं बोट पुढे केलं तसा ओर्फेलिनानं तिचा हात मनगटाशी पकडला.

“हातमोजे घाला. आणि मागच्या बाजूला हात नको, तिथं कालचं औषध सांडलंय.”

“कुणी सांडलं?”

“तुमच्या भावानं डोळे मिटले होते.”

“का?”

“सुई,” रुदेसिंदो म्हणाला.

एदेल्मिरानं भावाकडे पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. आधी ओर्फेलिनाला वाटलं ती रडते आहे. “अजून?” ती म्हणाली. “अगं, शाळेत लस टोचायला आले, तर हा चर्चच्या घंटेखाली जाऊन लपला होता. आईनं पायाला धरून ओढत आणला!” ती हसता हसता भिंतीला टेकली. “डुकरं कापतो म्हणे. आण ती दोरी इकडे.”

“वन्सं, तुम्ही नको. सुई आहे, औषध आहे.”

“मी तोंडाकडे उभी राहते. तू शेपटाकडे. मध्ये अख्खं डुक्कर आहे. माझ्या बापाची सगळी डुकरं मीच धरलीयत, हा नव्हे.” तिनं हातमोजे चढवले, फास डुकराच्या जबड्यात घातला आणि एक पाय मागे रोवून अशी उभी राहिली की नगराध्यक्ष आधी किंचाळले आणि मग निमूट झाले. “थांब. सुई भरताना तोंड तिकडे कर. हां. आणि संपली की टोपण लावून सांग. टोपण लावल्याशिवाय मी सोडणार नाही.”

ओर्फेलिनानं मानेमागे सुई घातली. सगळं औषध आत गेलं, थेंबही बाहेर नाही. तिनं टोपण लावलं आणि तसं सांगितलं. एदेल्मिरानं दोरी सोडली आणि दोन पावलं मागे सरली. हातमोजे घातलेले हात तिनं अंगापासून लांब धरले होते. रुदेसिंदोनं पाण्याची बादली आणि साबण आणला. ओर्फेलिनानं नणंदेचे हातमोजे उलटे करून काढले आणि तिचे हात कोपरापर्यंत धुतले. एकदा धुऊन परत धुतले.

“उद्या केव्हा आहे?” एदेल्मिरानं विचारलं.

“याच वेळेला. शेवटचं.”

“येते. याच्या भरवशावर नको सोडायला.” ती हात झटकत होती. “आणि ऐक. हे डुक्कर मला नको. तीन आठवड्यांनी नको नि तीन महिन्यांनीही नको. बाकीच्या घरांना दे, खुशाल खाऊ देत. माझ्या नावाचं पुढच्या वर्षी पाळ. त्याला आधीच लस टोचून घे, म्हणजे ही पेनिसिलिनची भानगड नको.”

“पाळते.”

“आणि मुलाकडे गेल्यावर माझी काळजी करायची नाही. तिथं मांस प्लास्टिकात येतं, कुठल्या डुकराचं ते कोण जाणे. मी फक्त शेवाळ नि बटाटे खाणारे.”

“आता तरी काही खाता का?” ओर्फेलिनानं विचारलं. विचारताना तिनं बादली उचलली, म्हणजे नकार आला तर हातात काहीतरी असावं.

एदेल्मिरानं वर, आपल्या टेकडीकडे पाहिलं. पाऊस वाढला होता. मग ती घराच्या पायरीशी गेली, बूट घासले आणि आत शिरली.

चुलीवर बटाटे होते, काल वाफवलेले शिंपले होते, मिरचीची चटणी होती. दुसरं काही नव्हतं. ओर्फेलिनानं पुढ्यात बशी ठेवली. एदेल्मिरा तिच्यावर वाकली, वास घेतला आणि काट्यानं बटाटा उलटा करून पाहिला.

“यात काही टोचलेलं नाही ना?”

“बटाट्याला अजून नाही,” रुदेसिंदो म्हणाला.

तिनं एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग बशी पुढे सरकवली.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली. “अजून दोन वाढ.”